उघड्यावरचा रणगाडा

“भिंतीला लाग! अरे गाढवा, भिंतीला लाग म्हणतोय ना!”

“लागतो काका, लागतो.”

“कधी? मेल्यावर?”

दुपारचे सव्वादोन. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका चारमजली होस्टेलच्या फाटकाशी पत्र्याची एक खोली आहे. त्या खोलीत कानाला हेडफोन लावून चौतिशीचा एक माणूस संगणकापुढे बसलेला. त्याच्यावर ओरडणारा माणूस खोलीत नव्हता. तो नांदेडला, आपल्या घरातल्या आरामखुर्चीत होता. पडद्यावर गव्हाचं पिवळं शेत होतं. शेताच्या मधोमध एक रणगाडा, आणि त्याच्यापासून वीस पावलांवर एक दगडी घर. रणगाड्याने त्या घराच्या आडोशाला जावं एवढंच सगळ्यांचं म्हणणं होतं. रणगाडा जात नव्हता.

टेकडीवरून दोन गोळे आले. रणगाडा पेटला.

“गेला,” तिसरा आवाज म्हणाला. हा अर्धापूरचा. “आपला रेक्टर गेला. आज दीड मिनिट. काल एक चाळीस होता. माणूस घसरून राहिला, काका.”

“मूर्ख आहे तो! वीस पावलांवर घर आहे! त्या घराला काय सोवळं आहे का रे, शिवशंकर? शिवलास तर आंघोळ करावी लागेल?”

“चुकलं काका.”

“रोज चुकतं! रोज त्याच ठिकाणी चुकतं! माझ्या हापिसात असतास ना, तर पट्टीने फोडला असता तुला.”

शिवशंकर हसत होता. शिव्या खाताना माणसं कशी ओशाळून हसतात, तसं नाही. ताटात आवडीचं वाढल्यावर हसावं, तसं.

शिवशंकर बिराजदार या होस्टेलचा रेक्टर. चौसष्ट पोरं, सगळी ‘नीट’ परीक्षेच्या तयारीची. कुणी परभणीचं, कुणी बीडचं, कुणी थेट धुळ्याचं. सकाळी साडेपाचला घंटा, सहाला हजेरी, दहाला जेवण. बारा वाजून दहा मिनिटांनी शेवटचा पोरगा एका हातात चप्पल धरून फाटकाबाहेर धावायचा, आणि मग पाचपर्यंत त्या इमारतीत नळ गळायचा आवाजसुद्धा खालपर्यंत ऐकू यायचा. मेसच्या सिंधुबाई भांडी आवरून आडव्या व्हायच्या. चौसष्ट खाटा, चौसष्ट टेबलं, आणि एक माणूस.

रेक्टरला दुसऱ्या मजल्यावर स्वतंत्र खोली होती, न्हाणीघरासकट. तिच्यात त्याने जादा गाद्या आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे भरून ठेवले होते. तो झोपायचा खाली, फाटकाजवळच्या या पत्र्याच्या खोलीत. उन्हाळ्यात ती भट्टी व्हायची. पोरांमध्ये यावर दोन पक्ष होते. एक म्हणायचा, सरांना वर भूत दिसलंय. दुसरा म्हणायचा, आपण गुपचूप बाहेर जाऊ नये म्हणून सर दारात ठाण मांडून आहेत. होस्टेलच्या मालकाचंही हेच मत होतं, आणि त्यापायी तो दर दिवाळीला त्याला शर्टपीस द्यायचा.

खरं कारण साधं होतं. पत्र्याहून जड काही डोक्यावर असलं की शिवशंकरला झोप लागत नसे. त्याचं लग्न दोनदा जमता जमता राहिलं ते याच्यापायी. नवरदेव स्लॅबखाली निजणार नाही, ही अट कोणत्या मुलीच्या बापाला सांगायची, आणि कशी?

तो किल्लारीचा. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा नऊ वर्षांचा होता.

हे तो कुणाला सांगत नसे. कुठले, असं विचारलं की “औसा तालुका” म्हणायचा. खोटं नव्हतं. किल्लारी औसा तालुक्यातच येतं. पण किल्लारी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. या भागात किल्लारीच्या माणसाला नाव मागाहून विचारतात, आधी विचारतात, “तुमच्यातले किती गेले?” मग आकडा सांगायचा. आई, बाप, आज्जी, दोघी बहिणी. पाच. मग समोरचा माणूस जिभेने च् च् करतो, आवाज खाली आणतो, आणि तो आवाज तुमच्यापुरता पुन्हा कधी वर जात नाही.

हे शिवशंकरने नवव्या वर्षापासून पाहिलं होतं. चुलत्याच्या घरी वाढला. चुलतभाऊ गुरुलिंग आणि तो, दोघांनी मिळून शेजाऱ्याचा ऊस मोडला, तर मार एकट्या गुरुलिंगला. “त्याला का न्हाई मारत?” म्हणून गुरुलिंग गळा काढायचा. चुलता म्हणायचा, “असू दे. त्याला कशाला.” शाळेत गणित चुकलं की मास्तरांची छडी ओळीने सगळ्या तळव्यांवर पडत यायची आणि त्याच्या तळव्यापाशी येऊन थांबायची. “तू बस रे.” तो हात पुढे करून तसाच उभा राहायचा. छडी पुढच्या पोराकडे गेलेली असायची.

त्याला शेवटचं कुणी रागावलं असेल तर ती आई. गणपतीच्या विसर्जनाहून तो गुलालात माखून फार उशिरा आला. “आज भाईरच नीज,” ती म्हणाली, “घरात पाऊल टाकू नगंस.” तो रुसून अंगणाच्या कडेला बैलगाडीत जाऊन झोपला. पुढचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

तर हा रणगाड्यांचा खेळ. होस्टेलच्या हजेरीसाठी संगणक आला, तेव्हा जोडणी करणाऱ्या माणसाने नेटचा वेग बघायला म्हणून तो खेळ टाकला आणि काढायला विसरला. शिवशंकरने पंधरा दिवस त्या चिन्हाकडे नुसतं पाहिलं. सोळाव्या दिवशी उघडलं. पंधरा रणगाडे इकडचे, पंधरा तिकडचे, मैदान मोठं, वेळ पंधरा मिनिटं. खेळणारे जगातून कुठूनही आलेले. खेळाडूचं नाव विचारलं तेव्हा काही सुचेना, म्हणून त्याने LATUR लिहिलं आणि पुढे पिनकोड टाकला.

वाचता न येणाऱ्या नावांच्या त्या गर्दीत तो आठवडाभर एकटा खेळत होता, रोज उघड्यावर जाऊन मरत होता. आणि एक दिवस पडद्याच्या कोपऱ्यात, इंग्रजी अक्षरांत, मराठी उमटली.

“गाढवा, भिंतीला लाग.”

शिवशंकरने दचकून खुर्चीत वळून मागे पाहिलं. मागे फक्त चाव्यांचा बोर्ड होता.

“कोण?” त्याने टाइप केलं.

“पिनकोड लातूरचा आणि अक्कल कुठली? मी नांदेड. हेडफोन आहे का?”

असे भेटले अवधूत कंधारकर. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं अनुरेखक. इंजिनिअर लोकांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचे, हेच काम. निवृत्तीनंतर त्यांच्याकडून कुणाला नकाशा नको होता, म्हणून त्यांनी या खेळातली मैदानं ट्रेसिंग पेपरवर उतरवायला घेतली. टेकड्यांच्या समोच्च रेषांसकट. काकांना गोळा नीट मारता येत नसे, डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. पण शत्रू कोणत्या घळीतून येणार हे ते असं सांगायचे, जसं काही स्वतः त्या घळीवर बंधारा बांधून आलेत.

तिसरा ग्यानोबा. अर्धापूरचा केळीवाला. लेकीने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर खेळायचा. हाताने चपळ, पण शेताची लाईट कधी येईल याचा नेम नाही, आणि लाईट आली की, “काका, आलो मोटार लावून,” म्हणून हा पसार. त्याचा रणगाडा मैदानात नांगर सोडल्यासारखा उभा.

“युद्ध चालू आहे, ग्यानोबा!”

“युद्ध उद्या बी हाय. लाईट न्हाई.”

दीड वर्ष हे तिघे रोज दुपारी दोन ते चार भेटले. एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. शिवशंकरला विचाराल तर त्याने तिथे जिंकायला म्हणून कधी खेळलंच नाही. कुणीतरी त्याच्यावर पोटातून ओरडत होतं. पंचवीस वर्षांनी. तो दुपारच्या जेवणानंतर दात घासून, केस विंचरून बसायचा.

आणि हेच जायची वेळ आली.

महिन्याच्या शेवटी तिघातिघांच्या पलटणींची स्पर्धा असायची. काकांची पलटण एका पायरीवर वर्षभर अडकून पडली होती, आणि अडकण्याचं कारण दरवेळी दीड मिनिटात मैदानात जळत असायचं. त्यात काकांचा पुतण्या यज्ञेश नांदेडला इंजिनिअरिंगला आला. तो खेळायचा वाघासारखा.

“ऐक शिवशंकर,” गुरुवारी काका म्हणाले. “पलटण तिघांची. चौथ्याला जागा नाही. शनिवारी गावाचा नकाशा आहे, सगळं घरांच्या आडून लढायचं. भिंतीला लागलास, तर जागा तुझी. नाही लागलास तर यज्ञेश बसेल, आणि एकदा बसला की मी त्याला उठवणार नाही. हे मी रागाने नाही म्हणत.”

“रागानंच म्हणा की काका.”

“काय?”

“काही नाही.”

“मला एक सांग, तुला दिसत नाही का? समजत नाही का? भीती कसली वाटते तुला? घर काय खातं?”

“आवो, त्याला घरजावई व्हायची भीती हाय,” ग्यानोबा म्हणाला.

एका वाक्यात सांगता आलं असतं. काका, मी किल्लारीचा. मग कुणी त्याला भिंतीला लाग म्हटलं नसतं, जागाही राहिली असती. पण त्या वाक्यानंतर जो आवाज यायचा तो त्याला पाठ होता. खालचा, कापसात गुंडाळलेला. जागा ठेवायची तर “गाढवा” गेलं. “गाढवा” ठेवायचं तर भिंतीला लागायला हवं.

शुक्रवारी दुपारी तो सरावाच्या मैदानात एकटाच गेला. तिथे शत्रू नसतो, गोळे नसतात. त्याने रणगाडा दगडी घराच्या दिशेने काढला. घर परदेशी, लाल कौलांचं. आपल्याकडच्या दगडमातीच्या माळवदाशी त्याचा काही संबंध नाही हे त्याला दिसत होतं. पण दगडावर दगड होता. त्याने पायात चपला घातल्या. उठून खोलीचं दार सताड उघडं केलं. मग रणगाडा भिंतीला चिकटवला आणि घड्याळाकडे पाहिलं.

आठ सेकंद. हात आपोआप मागे आले.

पुन्हा. वीस सेकंद. पुन्हा. तळव्यांचा घाम माऊसला लागत होता, तो पॅन्टला पुसत होता. साडेतीन वाजेपर्यंत दीड मिनिट जमलं. तेवढ्यात सिंधुबाई चहा घेऊन दारात.

“सर, चहा. काय बगून राहिलाव एवढं? नुसतं घर हाय की टीव्हीत.”

“हाव. घरच बघतोय.”

“कुणाचं?”

“असंच.”

“घ्यायचंय का?”

“न्हाई.”

“मंग?” सिंधुबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्या पायांतल्या चपलांकडे. “लई घाम आलाय तुम्हाला. पंखा लावू का?”

शनिवारी दोनला सामना सुरू झाला. गाव दाट होतं. बोळ, चौक, चर्चचा मनोरा. शिवशंकर पहिल्या कोपऱ्यावर पोचला, श्वास घेतला आणि रणगाडा दगडी भिंतीला लावला. घासून.

हेडफोनमध्ये काका अक्षरशः किंचाळले.

“लागला! ग्यानोबा, लागला! अरे बघ, माझं गाढव भिंतीला लागलं!”

“पेढे वाटा काका.”

“आता हलू नकोस, मूर्खा. तसाच. डावीकडच्या बोळातून येईल एक, तो आला की... हाण! हाण, बैला, बघतोस काय!”

शिवशंकरने हाणला. पहिला रणगाडा त्याच्या नावावर पडला. मग दुसरा. चार मिनिटं तो जिवंत होता, इतका वेळ तो कधी जगला नव्हता. काका शिव्या देत होते आणि त्या शिव्या कौतुकाने नुसत्या थबथबल्या होत्या. ग्यानोबा म्हणाला, “काका, लाईट आली,” तर काका म्हणाले, “आली तर आली! केळी एक दिवस उपाशी राहतील, खबरदार उठलास तर!” आणि ग्यानोबाही उठला नाही. शिवशंकरला वाटलं, संपलं. जमलं आपल्याला.

तेव्हा लांबून तोफेचा गोळा आला. त्याच्यावर नव्हे, घरावर.

या खेळात घरं पडतात. त्याला ते माहीत नव्हतं, कारण तो कधी घराजवळ गेलाच नव्हता. भिंत आधी पोटात फुगली, मग वरचे दगड सुटले, मग छत आलं. पडदा धुळीने पिवळा झाला. आणि हेडफोनमधून, दोन्ही कानांत, दगडावर दगड घरंगळत येण्याचा आवाज.

नांदेडला आणि अर्धापूरला पुढचं फक्त ऐकू आलं. खुर्ची पडली. हेडफोन टेबलावर आदळला. आणि एक आवाज, चौतीस वर्षांच्या माणसाचा न वाटणारा.

“आई, ऊठ! ए आई! भाईर ये! भाईर ये की!”

मग पावलं, आणि काही नाही.

ग्यानोबाला विनोद सुचला नाही. सामना कधी संपला, कोण जिंकलं, कुणी पाहिलं नाही.

शिवशंकर भानावर आला तेव्हा तो होस्टेलसमोरच्या रस्त्यात, उन्हात, अनवाणी उभा होता. एक रिक्षावाला हॉर्न मारून मारून थकला होता. शिवशंकर बाजूला झाला. चारमजली इमारत जागच्या जागी होती. तो आत आला, खुर्ची उचलली, हेडफोन घातला.

“शिवशंकर?” काकांचा आवाज. “आहेस का रे?”

नावाने. तिथेच त्याला कळलं.

“आहे काका.”

“बाळा... तू मूळचा कुठला?”

“औसा तालुका.”

“औशात कुठे?”

पंखा फिरत होता. वरच्या मजल्यावरचा नळ गळत होता.

“किल्लारी.”

च् च्. मग, फार हळू, “किती गेले?”

“पाच.”

“अरेरे,” काका म्हणाले. अर्धापूरहूनही तेच आलं, “अरेरे रे.”

जागा राहिली. काकांनी यज्ञेशला स्पष्ट सांगून टाकलं. सोमवारी तिघे पुन्हा दोन वाजता भेटले, आणि शिवशंकर उघड्या शेतात जाऊन उभा राहिला.

“राहा तिथे, राहा,” काका म्हणाले. “काही हरकत नाही. तुझी सोय बघ.”

दीड मिनिटात तो जळाला. ग्यानोबाने वेळ मोजली नाही. “सावकाश दादा,” एवढंच म्हणाला.

“दादा कधीपासून, ग्यानोबा?”

“न्हाई, असंच. वयानं तुमी...”

“तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहेस.”

“हाव. असू द्या.”

मंगळवारी तसंच. बुधवारी त्याने मुद्दाम रणगाडा तळ्यात घातला, स्वतःच्याच माणसाला धडक दिली, काकांच्या समोर उभं राहून त्यांचा नेम अडवला. काका म्हणाले, “होतं असं. होतं.” गुरुवारी ग्यानोबाची लाईट आली तर तो आधी विचारून गेला, “जाऊ ना दादा? तुमाला एकटं वाटणार न्हाई ना?”

रविवार होस्टेलला भेटीचा दिवस. बाहेर दुचाक्या आणि जीपगाड्यांची रांग, व्हरांड्यात डबे उघडलेले, पोरांच्या तोंडात लाडू आणि आयांच्या तोंडात, “वाळला गं माझा.” शिवशंकर फाटकाशी रजिस्टर घेऊन बसला होता. सिंधुबाई धापा टाकत आल्या.

“सर, तुमचे पालक आलेत.”

“माझे?”

“तुमचंच नाव सांगून राहिलेत. म्हातारा म्हातारी हायत.”

रिक्षातून उतरून काका उभे होते. शिवशंकरने मनात त्यांना सहा फुटी केलं होतं, मिशा दिल्या होत्या. समोर एक बुटका, चष्मेवाला, मफलर गुंडाळलेला माणूस होता. शेजारी काकू, चंद्रप्रभाबाई, हातात पितळी डबा. अहमदपूरमार्गे साडेतीन तास एसटीने आले होते.

“नियम म्हणजे नियम,” काकांनी रजिस्टर ओढून घेतलं. छत्तीस वर्षं घोटलेल्या अक्षरात लिहिलं. कोणाला भेटायचे: शिवशंकर. पुढचा रकाना नात्याचा. तिथे पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं: काका.

तिघे पत्र्याच्या खोलीत बसले. काकूंनी डबा उघडला. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. त्यांनी खोली पाहिली, खाट पाहिली, वरचा पत्रा पाहिला आणि पदर डोळ्याला लावला.

“आईसारखंच समज मला,” त्या म्हणाल्या.

“काकू, धपाटे छान झालेत.”

“घे अजून. किती बारीक झालायस.”

“तुम्ही मला पहिल्यांदाच बघताय काकू.”

“तरीपण.”

तो खात राहिला. दोघे त्याचं खाणं बघत राहिले. काका मध्येच हात पुढे करून त्याच्या पाठीवरून फिरवायचे. शेवटी त्याने ताट खाली ठेवलं.

“काका, एक मागू?”

“माग बाळा.”

“शिव्या द्या ना.”

“काय?”

“पहिल्यासारख्या. गाढवा म्हणा. मी बुधवारी तुमच्या तोंडासमोर गाडी लावली होती. पट्टीने फोडतो म्हणा.”

समजलं काकांना. माणूस मूर्ख नव्हता. त्यांनी मफलर सोडला, घसा साफ केला, खुर्चीत ताठ बसले.

“गाढवा,” ते म्हणाले.

खोलीत तो शब्द कुठेच लागला नाही.

“परत म्हणा.”

“अरे गाढवा! समोर... समोर गाडी लावतोस? अक्कल आहे का तुला? तुला कुणी...” तुला कुणी शिकवलं नाही का, हे काकांचं नेहमीचं वाक्य. ते अर्ध्यावर थांबले.

“अहो!” काकू उसळल्या. “लाज वाटते का? त्या बिचाऱ्याने काय भोगलंय, आणि तुम्ही ओरडताय त्याच्यावर? एवढ्या लांब यासाठी आलो आपण?”

“त्यानेच सांगितलं.”

“तो सांगेल! तुम्हाला कळायला नको?”

काका ओरडा खाऊन गप्प बसले. शिवशंकर त्यांच्याकडे बघत होता, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला त्यांचा हेवा वाटला.

साडेतीनच्या बसला त्याने दोघांना बसवून दिलं. काकूंनी खिडकीतून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काका म्हणाले, “जमेल मला. थोडे दिवस दे.” बस हलली तेव्हाही ते काहीतरी सांगत होते. बहुतेक, ऊन आहे, सावलीत उभा राहा.

सोमवारी पावणेदोनला त्याने काकांना फोन केला.

“काका, होस्टेलचं काम वाढलंय. नवीन बॅच आलीय. यज्ञेशला घ्या.”

“अरे पण जागा तुझी आहे. मी त्याला...”

“मला माहीत आहे, काका.”

“तुला आमचं काही लागलं का?”

“नाही. तुम्ही चांगले आहात.”

“सवड झाली की ये,” काका म्हणाले. त्या आवाजात दुःख होतं आणि सुटकाही होती, आणि दोघांनाही दोन्ही ऐकू आलं.

नवीन बॅच आलेली नव्हती. इमारत रिकामी होती. शिवशंकरने हेडफोन गुंडाळून खणात ठेवला, जुनं नाव सोडलं आणि नव्या नावाने खेळात शिरला. नव्या माणसाला सगळ्यात खालचा रणगाडा मिळतो, पत्र्याच्या डब्यासारखा. मैदान बर्फाचं होतं. तो मधोमध गेला आणि जळाला. कुणीतरी त्याला उद्देशून काहीतरी लिहिलं, अक्षरं ओळखीची नव्हती, पण शेवटी तीन उद्गारचिन्हं होती. दुसऱ्या सामन्यातही तसंच. तिसऱ्याला त्याच माणसाकडून पलटणीत यायचं बोलावणं आलं. तो आता मोडक्या इंग्रजीत लिहीत होता.

“तुझ्याइतका वाईट चालक पाहिला नाही. तू गोळे खातोस, मी मागून मारतो. बरं पडतं. येतोस?”

“येतो,” शिवशंकरने लिहिलं.

“कुठला?”

“भारत.”

“भारत मोठा आहे. गाव?”

शिवशंकरची बोटं सवयीने औशाच्या अक्षरांवर गेली. मग थांबली. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याने सावकाश, एकेक कळ दाबून, किल्लारी लिहिलं आणि पाठवलं. पलीकडचा माणूस लिहीत असल्याची तीन टिंबं हलत राहिली.

“बरं,” उत्तर आलं. “मूर्खासारखा मध्ये उभा राहू नकोस. डावीकडून ये.”

तो डावीकडून गेला.